नंबर मारल्याशिवाय बाहेर नाही

पंपाच्या त्या कारखान्यात ज्युनिअरला ज्युनिअर म्हणत, कारण त्याच्या वरची सीनिअरची जागा चार वर्षं रिकामी होती. म्हणजे कामगार कल्याण विभागात तो एकटाच होता आणि तरीही सर्वांत खालचा होता. हे जमायला वेगळंच नशीब लागतं.

मुख्य कार्यालयाचं पत्र आलं की प्रत्येक कारखान्याने एचआयव्ही जागृतीसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी. मॅनेजरांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. चष्मा पुसूनही मजकूर तोच राहिल्याने त्यांनी बैठक बोलावली. उत्पादनवाले म्हणाले, हा आरोग्याचा विषय आहे. आरोग्याचं खातं कारखान्यात नव्हतंच, त्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही, हो म्हणायलाही कोणी नव्हतं. सेफ्टी ऑफिसर म्हणाले, "साहेब, माझी जबाबदारी डोक्यापासून कमरेपर्यंत. तिथून पुढे थेट बूट."

मग सगळ्यांनी एकदमच ज्युनिअरकडे पाहिलं. तो तिथे चहाचे कप मोजायला आला होता.

"तू तरुण आहेस," मॅनेजर म्हणाले. तरुण असणं हा गुन्हा असल्याचं त्याला त्या दिवशी प्रथम कळलं.

पुढचे चार दिवस त्याला जो भेटेल तो सल्ला देत होता. टाइमकीपर म्हणाला, "भाषण ठेव, पण विषय सांगू नकोस." अकाउंटंट म्हणाले, "तुझं लग्न व्हायचंय अजून, तोंडाला रुमाल बांधून कर काय करायचं ते." आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना तो बोलवायला गेला, तेव्हा त्यांनी फक्त एक मागणी केली. कंडोम कसा चढवायचा हे दाखवायला एक लाकडी नमुना हवा होता. ज्युनिअर ओतकामाचे लाकडी साचे करणाऱ्या पॅटर्न शॉपच्या मिस्त्रींकडे गेला. मिस्त्रींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ड्रॉइंग आण."

"कसलं ड्रॉइंग, मिस्त्री? तुम्हाला माहीत नाही का?"

"मला सगळं माहीत आहे. पण लांबी, व्यास, माप किती इकडेतिकडे चालेल तो टॉलरन्स, सगळं लिहून, खाली सही. ड्रॉइंगशिवाय मी रंधा उचलत नाही. उद्या माप चुकलं तर माझ्या नावाने बोंब."

ड्रॉइंगवर सही कोण करणार, यावर दोन दिवस गेले. चीफ इंजिनिअरांनी ते पाहिलं, लाल पेनाने व्यास तीन मिलिमीटरने वाढवला आणि सही करून परत दिलं. त्यांच्याविषयीचा आदर कारखान्यात त्या दिवसापासून वाढला.

भाषण कँटीनमध्ये झालं. मागच्या रांगा पुरुषांनी सकाळपासून अडवून ठेवल्या होत्या, म्हणून पॅकिंगच्या बायका पुढे बसल्या. भिंतीशी गणवेश शिवणाऱ्या बाई उभ्या होत्या. त्या मापं घ्यायला आल्या होत्या, गळ्यात टेप होता.

नर्सबाईंनी सुरुवातच अशी केली की मागच्या रांगेतल्या तिघांना एकदम खोकला आला. एचआयव्हीचा विषाणू वीर्यात असतो, योनीतल्या स्रावात असतो, रक्तात असतो. कंडोम न वापरता, पुढून किंवा मागून, संबंध आला की तो एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. चेहरा बघून कुणाला आहे ते कळत नाही. ते फक्त तपासणीत कळतं. बाकी हात मिळवून, एका कपात चहा पिऊन, डास चावून, एकच संडास वापरून तो पसरत नाही.

"डासाने आधी त्याला चावलं आणि लगेच मला चावलं तर?" एका फिटरने विचारलं.

"तरी नाही."

"डास मोठा असेल तर?"

"तुम्ही डासाची काळजी सोडा, दादा. डासाला कंडोम लागत नाही. तुम्हाला लागतो."

मग त्यांनी मिस्त्रींच्या नमुन्यावर सगळं करून दाखवलं. पाकिटावरची तारीख बघायची. दातांनी फाडायचं नाही. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग खालपर्यंत उलगडायचा. दर वेळी नवा. एकावर एक दोन घालायचे नाहीत. आणि तेल लावायचं नाही, तेलाने हे रबर खराब होतं. इथे मात्र सगळ्या कारखान्याने एकमताने माना डोलावल्या. "वॉशरचं हेच होतं," कोणीतरी म्हणालं. "चुकीचं ऑइल घातलं की आठ दिवसांत गळती." एवढी तांत्रिक एकवाक्यता बोनसच्या वेळीही झाली नव्हती.

नर्सबाई म्हणाल्या, प्रश्न विचारा. आणि तेव्हा सर्वांत मागून स्टोअरकीपर उभे राहिले.

स्टोअरकीपर हे ज्युनिअरचे सख्खे मामा. ज्युनिअरची आई तो नऊ वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून त्यांनीच त्याला वाढवलं. मामी जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात दोघेच. घराला दोन कुलपं, आणि दोन्ही लावली की नाही ते बघायला मामा जिन्यावरून परत येत. ज्युनिअर चौदाचा झाला तेव्हा मामांनी त्याला मानवी शरीरावरचं एक पुस्तक आणून दिलं होतं. त्यातली मधली आठ पानं त्यांनी आधी डिंकाने चिकटवली होती. या विषयावर मामाभाच्यांत झालेला संवाद तेवढाच.

"एक शंका," मामा म्हणाले. "समजा, दोघांपैकी एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही. तर त्यांनी काय करायचं?"

मागे हशा पिकला. ज्युनिअरने मान खाली घातली. मामांना नियमातली फट शोधायची सवय होती, पण ती इथे शोधावी?

नर्सबाई हसल्या नाहीत. "ज्याला आहे त्याने औषध रोज घ्यायचं, न चुकता. तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. सोबत कंडोम वापरला तर आणखी निर्धास्त. मग खुशाल संसार करायचा. भांडायचंसुद्धा."

"ठीक," म्हणून मामा खाली बसले, जणू बिल तपासून मिळालं.

दुसऱ्या दिवशी चारशे कंडोमचं खोकं आलं. ते संडासाबाहेर एका पेटीत ठेवायचे, ज्याला हवे त्याने न विचारता घ्यायचे, अशी नर्सबाईंची योजना होती. मामांनी खोक्यावर हात ठेवला.

"वस्तू कारखान्यात आली की आधी स्टोअरमध्ये येते."

"पण मामा..."

"साहेब म्हण. ड्युटीवर आहेस."

"पण साहेब, हे लोकांनी लाजेशिवाय घ्यायला हवेत."

"घेऊ देत की. नाव लिहायचं, सही करायची, न्यायचं. त्यात लाजायचं काय?"

त्या दुपारी स्टोअरमधून बराच वेळ टकटक असा आवाज येत होता. तो आवाज कारखान्यात सर्वांना अंगाईसारखा झाला होता. मामा प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड, प्रत्येक हातोडा ऐरणीवर ठेवून त्यावर पोलादी ठशांनी नंबर ठोकत. नंबर मारल्याशिवाय वस्तू स्टोअरबाहेर जात नाही, एकतीस वर्षांत गेली नव्हती. ज्युनिअरने आवाज ऐकला. संध्याकाळी पाकिटं पाहिली. प्रत्येकावर टिंबाटिंबांनी सुबक नंबर होता. त्याला कौतुकच वाटलं. पाकिटांबरोबर वाटायच्या पत्रकावर त्याने शेवटची ओळ स्वतः रचली, 'यावर विश्वास ठेवा, निर्धास्त राहा,' आणि खाली सही करून शिक्का मारला.

नोंदवहीत पाच रकाने होते: नंबर, नाव, वस्तू नेण्याचा उद्देश, सही, आणि जुनी वस्तू परत केली काय. शेवटच्या रकान्याबद्दल ज्युनिअरने हात जोडले. मामा म्हणाले, "जुना दिवा दिल्याशिवाय नवा दिवा मिळतो का? नाही ना?" बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी तो रकाना ऐच्छिक केला.

पहिले दोन दिवस एकही पाकीट गेलं नाही. तिसऱ्या दिवसापासून ती भराभर जाऊ लागली आणि ज्युनिअर हुरळला. उद्देशाच्या रकान्यात लोकांनी 'घरगुती', 'अभ्यास', 'शेजाऱ्यांसाठी' असं लिहिलं होतं. एकाने 'तातडीचे' लिहून अधोरेखित केलं होतं. पाचव्या दिवसापर्यंत एकशेसाठपर्यंतचे नंबर गेले. मॅनेजरांनी मुख्य कार्यालयाला कळवलं की मोहीम यशस्वी झाली आहे आणि तिची कल्पना आपली होती.

सहाव्या दिवशी नर्सबाई पाहणीला आल्या. त्यांनी खोक्यातलं एक पाकीट उचललं, फाडलं, आतला कंडोम उलगडून खिडकीसमोर धरला. त्यातून उजेडाच्या बारीक बारीक रेघा आल्या. त्यातून २०३ हा आकडा स्वच्छ वाचता येत होता.

"ही चाळणी कोणी केली?"

मामांनी ठसा खाली ठेवला. ज्युनिअरने त्यांना चुकताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे चुकल्यावर मामा कसे दिसतात ते त्याला माहीत नव्हतं. ते लहान दिसत होते.

"मी कोपऱ्यातच मारले होते," ते म्हणाले. "दोन आकडी नंबर कोपऱ्यात बसले. तीन आकडी थोडे आत गेले."

"कोपऱ्यातले पण बाद," नर्सबाई म्हणाल्या. "पाकिटाला भोक पडलं की आतलं रबर वाळतं, चिरतं. आधी सगळे परत घ्या. आणि ज्यांनी वापरले असतील त्यांना माझ्याकडे पाठवा. आजच. धोका होऊन बहात्तर तास उलटले नसतील तर औषध सुरू करता येतं. उलटले असतील तर तपासणी, आत्ता आणि परत तीन महिन्यांनी."

बाहेर एकशेसाठ पाकिटं होती, आणि प्रत्येकाबरोबर त्याची सही होती की निर्धास्त राहा.

नोंदवही होतीच. तो नावं बघायला बसला आणि घाम पुसायला लागला. मॅनेजरांनी पाच दिवसांत एकेचाळीस नेले होते. सेफ्टी ऑफिसरांनी एकोणीस. लॉबीत ज्यांचं तेलरंगातलं चित्र आहे त्या दिवंगत संस्थापकांनी सात नेले होते, उद्देश 'अभ्यास'. खरं नाव एकानेही लिहिलं नव्हतं. तो एकटा स्वतःच्या नावाने न्यायला गेला असता, पण त्याला कारण नव्हतं, हा अपमान वेगळा.

"साहेब, आपल्या नावावर एकेचाळीस आहेत," त्याने मॅनेजरांना सांगितलं.

मॅनेजरांनी चष्मा पुसला. रागावावं की फुगावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "नोटीस काढ."

ज्युनिअरने मसुदा आणला: 'एचआयव्ही जागृती मोहिमेत वाटलेले कंडोम सदोष आहेत. ते वापरू नयेत. त्वरित परत करावेत.' मॅनेजरांनी पेन उघडलं. 'एचआयव्ही' काढा, कारण गिऱ्हाइकं येतात. 'कंडोम' काढा, कारण कारखान्यात बायका आहेत. 'सदोष' तर मुळीच नको, आपल्याकडे गुणवत्तेचं प्रमाणपत्र आहे. 'वापरू नयेत' म्हटलं तर लोक वापरतात असा अर्थ निघतो. शेवटी फळ्यावर लागलं ते एवढंच: 'स्टोअरमधून नेलेल्या वस्तू त्वरित परत कराव्यात. कारण विचारले जाणार नाही.'

दुपारच्या सुट्टीत स्टोअरपुढे रांग लागली. चौदा पाने आले. नऊ पकडी, दोन ड्रिल मशिनं, वायरची तीन भेंडोळी, एक शिडी, एक भिंतीवरचं घड्याळ आलं. कुणीतरी एक हातगाडी आणली, तीत लावलेल्या टोमॅटोच्या रोपांसकट. चार वाजता एक टेम्पो आला आणि त्यातून एक अख्खा पंप उतरला. आणणारा म्हणाला, "सहा वर्षं झाली, झोप लागत नव्हती." कंडोम एकही आला नाही.

एरवी मामा त्या दिवशी आनंदाने नाचले असते. ते स्टुलावर बसून होते आणि शिडीकडे बघतही नव्हते.

तेव्हा ज्युनिअरने जे केलं ते त्याच्या स्वभावात नव्हतं. तो कँटीनमध्ये गेला, टेबलावर चढला. टेबल डुगडुगलं, तोही डुगडुगला. "कंडोम!" तो ओरडला. आवाज फाटला. "मी कंडोमबद्दल बोलतोय! पाने नकोत मला! सगळ्या पाकिटांना भोकं आहेत. नंबर मारताना पडलीत. माझी सही आहे त्या पत्रकावर आणि ती खोटी आहे. ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांनी दाराजवळच्या बादलीत टाका, मी तिकडे पाठ करून उभा राहतो. ज्यांनी वापरलेत त्यांनी फक्त नंबर चिठ्ठीवर लिहून नर्सबाईंकडे जा, आत्ता, अर्ध्या दिवसाची सुट्टी माझ्याकडून. नाव कुणी विचारणार नाही. तसंही तुम्ही खरं सांगत नाही!"

मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आधी एक टप असा आवाज आला. मग बराच वेळ टपटप. मागून पॅकिंगमधल्या एका ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बरं झालं बाबा बोललास. आमचे हे पत्रक उशाशी घेऊन झोपत होते."

संध्याकाळपर्यंत बादलीतली पाकिटं आणि नर्सबाईंकडच्या नंबरांच्या चिठ्ठ्या मिळून दोनपासून एकशेसाठपर्यंत सगळे जुळले. खोक्यात एकशेएकसष्ट ते चारशे होते, फाडलेला २०३ धरून. एक नंबर कुठेच नव्हता. नोंदवहीत नव्हता, बादलीत नव्हता, चिठ्ठीत नव्हता.

"एक गेला तर गेला," मॅनेजर म्हणाले. "फाईल बंद कर."

पण ज्युनिअरच्या डोळ्यांपुढून तो एक जाईना. कुणीतरी कुठेतरी निर्धास्त होतं, त्याच्या सहीच्या जिवावर. नोंदवही उघडण्याआधी स्टोअरमध्ये कोण शिरलं असेल, याचा त्याने दोन दिवस विचार केला. रखवालदारावर संशय घेतला, मांजरावर घेतला. नोंदवही उघडण्याआधी स्टोअरमध्ये फक्त एकच माणूस असतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. ते लक्षात येण्यासाठी मधली आठ पानं वाचलेली असावी लागतात.

तिसऱ्या दिवशी गणवेश शिवणाऱ्या बाई त्याच्या टेबलापाशी आल्या. त्यांनी टेपच्या डबीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. कोपऱ्यात टिंबांचा एक होता.

"हा तुमच्या मामांचा," बाई म्हणाल्या.

या वर्षात मामांनी डगला चार वेळा सैल करून घेतला होता आणि तीन वेळा घट्ट, हे ज्युनिअरला आत्ता आठवलं.

"वापरलेला नाही, घाबरू नका. माझं आयुष्य सुईवर गेलंय, मला भोक लगेच दिसतं. नर्सबाई भोकं दाखवून गेल्या त्या संध्याकाळी हे आले, तेव्हा मी म्हटलं, अहो, माझ्याजवळच्या याला टोचलंय कुणी? तर ते पांढरेफटक पडले आणि तसेच निघून गेले. त्या दिवसापासून आले नाहीत." त्या खुर्चीवर बसल्या. "कँटीनमध्ये त्यांनी विचारलं ना, एकाला असेल तर? तो एक म्हणजे मी. सहा वर्षं रोज गोळी घेते. डॉक्टर म्हणतात, रिपोर्टात विषाणू सापडत नाही, यांना माझ्यापासून धोका नाही. मी पहिल्याच दिवशी यांना सगळं सांगितलं होतं. पण तुमच्या मामांना दोन कुलपं लावायची सवय."

"मग ते येत का नाहीत?"

"लाज वाटते त्यांना. अख्ख्या कारखान्याला भोकं पाडून दिली आणि पहिलं स्वतःला, असं म्हणतात निरोपात. निरोपसुद्धा शिवणाच्या चिठ्ठीवर पाठवला." बाई उठल्या. "मी अजून चार दिवस वाट बघणार. मग माझी मशीन आणि मी. सांगा त्यांना."

त्या संध्याकाळी ज्युनिअरने घरी पाकीट ताटाशेजारी ठेवलं. मामांनी ते पाहिलं, घास खाली ठेवला.

"स्टोअरमधून नोंद न करता वस्तू नेली मी," ते म्हणाले. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा."

"मामा, नोंदीचं राहू द्या हो."

"तुला सांगायला हवं होतं. कसं सांगतात ते माहीत नव्हतं."

"मला तरी कुठे ऐकता आलं असतं? तुम्ही पानं चिकटवली होती."

मामांना हसू आलं आणि ते ठसक्यात बदललं. ज्युनिअरने पाणी दिलं. मग मान न उचलता, भाजीकडे बघत त्याने नर्सबाईंचं सगळं भाषण मामांना परत म्हणून दाखवलं, टोक चिमटीत धरण्यापासून. मामा मध्येमध्ये "हं" म्हणत होते. दोघांपैकी कोण जास्त लाल झालं होतं हे सांगणं अवघड, पण आठही पानं झाली.

"आता जा," ज्युनिअर म्हणाला. "चारातला एक दिवस संपला."

मामा उठले, डगला चढवला, दार ओढून लॅचचं एक कुलूप लावून निघून गेले. दुसरं बघायला परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवहीत सर्वांत वर, कोऱ्या समासात, नवी ओळ दिसली. नंबर एक. पुढे मामांचं संपूर्ण नाव, त्या वहीतलं एकमेव खरं. उद्देश: 'सोबत.' जुनी वस्तू परत केली काय, या ऐच्छिक रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'होय. सदोष. नवीन मिळावी.'

नवं खोकं आलं तेव्हा मामांनी त्याला हात लावला नाही. मिस्त्रींनी ड्रॉइंगप्रमाणे एक लाकडी पेटी केली, ती संडासाबाहेर लावली. वही नाही, सही नाही. पहिल्या दिवशी पेटी अर्धी झाली, दुसऱ्या दिवशी रिकामी. तिसऱ्या दिवशी पेटीच गेली.

ज्युनिअर धावत स्टोअरमध्ये आला. मामा आरशात कॉलर बघत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"नंबर मारला नव्हता ना," ते म्हणाले.